पाण्याचे राखणदार: मूलनिवासींची चित्रपुस्तकं मुलांना वाचून दाखवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरोंटोजवळच्या आमच्या मराठी शाळेत शनिवारची शेवटची वीस मिनिटं गोष्टीची असतात. गेली काही वर्षं त्या वेळात मी उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लेखक-चित्रकारांची पाण्यावरची चित्रपुस्तकं वाचते. पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठी. त्यावर पालक प्रश्न विचारतात, आणि मुलंही विचारतात. मुलांचे जास्त अवघड असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू?

'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स'नं. मार्च 2020 मध्ये आलेलं पुस्तक. लिहिलंय कॅरोल लिंडस्ट्रॉम यांनी. त्या अनिशिनाबे आणि मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र पूर्वजांचा समाज), टर्टल माउंटन बँड ऑफ ओजिब्वे या समाजातल्या. चित्रं मिकेला गोड यांची, त्या अलास्कातल्या ट्लिंगिट. 2021 मध्ये या चित्रांना कॅल्डेकॉट पदक मिळालं. अमेरिकेत 1938 पासून दरवर्षी एका चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला हे पदक देतात, आणि 2021 पर्यंत ते एकाही मूलनिवासी चित्रकाराला मिळालेलं नव्हतं.

गोष्ट अगदी थोड्या शब्दांत आहे. एक मुलगी, तिची आजी, पाणी, आणि पाण्याकडे सरकत येणारा एक काळा साप. जलरंगातलं निळं-जांभळं पाणी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वळणं घेत जातं, आणि सापाचं पान उघडलं की एकदम लाल-काळं. तिथं आमच्या वर्गात दर वेळी शांतता पसरते. एकदा एक पाच वर्षांचा मुलगा पानाला नाक लावून म्हणाला, "मावशी, हा साप नाहीये, हा पाइप आहे." मला काहीच समजावावं लागलं नाही.

त्यानंतर 'द वॉटर वॉकर' घ्या. 2017 चं पुस्तक, जोअ‍ॅन रॉबर्टसन यांनी लिहिलेलं आणि त्यांनीच चितारलेलं. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, कारण त्यातल्या आजीबाईंनी माझ्या सासूबाईंनाही खिळवून ठेवलं होतं. सनशाइन टेनॅस्को यांचं 'निबीज वॉटर साँग' थोडं हसरं आहे: नळाला चांगलं पाणी येत नाही म्हणून निबी नावाची मुलगी दारोदार हिंडते, श्रीमंत शेजारी पाणी देत नाहीत, सरकारी दारं बंद होतात, पण पोरगी हटत नाही. त्याची चित्रं चीफ लेडी बर्ड यांची. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी अ‍ॅस्लन ट्यूडर या मुलानं आपल्या आईबरोबर केलेलं 'यंग वॉटर प्रोटेक्टर्स' आहे. स्टँडिंग रॉकच्या छावणीत (तेलवाहिनीविरुद्ध उभी राहिलेली, तिच्याबद्दल खाली येईलच) तो पहिल्यांदा गेला तेव्हा आठ वर्षांचा होता. या पुस्तकात फोटो आहेत, त्यामुळे "हे खरंच झालं का?" हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

म्हणजे 'पाणी वाचवा, नळ बंद करा' याचीच पुस्तकं ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतो, आणि तो बहुधा आपण मोठी माणसं करतो.

आपल्या मुलांनी 'पाणी वाचवा'ची भित्तिपत्रकं इतकी रंगवलेली असतात की पाण्यावरचं कुठलंही पुस्तक उघडलं की आपण सवयीनं तोच धडा काढतो. दात घासताना नळ सुरू ठेवू नकोस. धडा चांगला आहे, पण या पुस्तकांत तो नाहीच. यातलं पाणी म्हणजे ठरावीक लोकांची ठरावीक नदी, ठरावीक तळं. त्या पाण्याबद्दल त्यांच्या पूर्वजांनी सरकारशी करार केलेले आहेत. ते करार कुणी मोडले, त्या नदीखालून कुणी काय नेलं, आणि मग कोण उभं राहिलं, त्याची ही गोष्ट. वाचून झाल्यावर तुम्ही "म्हणून आपण पाणी जपून वापरायचं हं" असं म्हणालात, तर त्या मुलीची गोष्ट हातातून गेली आणि उरली आपली नेहमीची सूचना.

मी स्वतः पहिल्या वर्षी हेच करत होते. एका मुलीनं विचारलं, "पण तिनं कुठं पाणी वाया घालवलं?" तेव्हा माझी ट्यूब पेटली.

काळा साप म्हणजे नेमकं काय?

डकोटा अ‍ॅक्सेस पाइपलाइन. नॉर्थ डकोटातल्या बाकन तेलक्षेत्रातून इलिनॉयमधल्या पटोका गावापर्यंत जाणारी, सुमारे 1,886 किलोमीटर लांबीची तेलवाहिनी. स्टँडिंग रॉक हा सू लोकांचा राखीव प्रदेश. त्याच्या उत्तर हद्दीपासून जेमतेम अर्ध्या मैलावर ती मिसुरी नदीवरच्या ओआहे जलाशयाखालून जाते. वाहिनी फुटली तर तेल थेट पिण्याच्या पाण्यात. एक काळा साप येईल आणि भूमीला, पाण्याला इजा करील, असं भाकीत लकोटा लोकांमध्ये, म्हणजे सू लोकांच्याच एका शाखेत, सांगितलं जात आलं आहे. ही वाहिनी आली तेव्हा लोक म्हणाले, हाच तो.

मोठ्या मुलांना यातली आणखी एक गोष्ट जरूर सांगा. नकाशावर आधी आणखी एक मार्ग तपासला गेला होता, बिस्मार्क या राजधानीच्या शहराच्या उत्तरेकडून जाणारा. तो बाद झाला. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींना धोका, हे त्यामागचं एक कारण होतं. शहराला जो धोका नको होता तो स्टँडिंग रॉकच्या वरच्या अंगाला चालला. दहा वर्षांचं मूल यावर "दिस इज नॉट फेअर" म्हणतं. मराठी शाळेत इंग्रजी बोललं तर मी टोकते, तेवढ्यापुरतं सोडून देते.

एप्रिल 2016 मध्ये स्टँडिंग रॉकच्याच लाडॉना ब्रेव्ह बुल अ‍ॅलार्ड यांनी नदीकाठच्या आपल्या जमिनीवर सेक्रेड स्टोन छावणी उभी केली. त्याच वर्षी स्टँडिंग रॉकची तरुण मुलं धावत निघाली आणि सुमारे दोन हजार मैल पळून वॉशिंग्टनला पोचली, वाहिनी नको असं सांगायला. उन्हाळा सरेपर्यंत शेकडो जमातींचे लोक आपापले झेंडे घेऊन छावणीत आले होते. 20 नोव्हेंबरच्या रात्री, पारा शून्याच्या खाली असताना, पोलिसांनी जमावावर पाण्याचे फवारे मारले. पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसांवर पाणी. हे पुस्तकात नाही, आणि पाच वर्षांच्या मुलांना मी सांगतही नाही.

मग पाइपलाइन थांबली का?

हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि तिथं घाम फुटतो.

थांबली नाही. 4 डिसेंबर 2016 ला लष्कराच्या अभियंता विभागानं जलाशयाखालून जायला परवानगी नाकारली, छावणीत रात्रभर ढोल वाजले. पुढच्या महिन्यात अध्यक्ष बदलले, फेब्रुवारी 2017 मध्ये परवानगी मिळाली, त्याच महिन्यात छावणी हटवली गेली, आणि 1 जून 2017 पासून त्या नळातून व्यापारी तत्त्वावर तेल वाहू लागलं. 2020 मध्ये एका न्यायालयानं पर्यावरणाचा सविस्तर अभ्यास करायला सांगितलं, वाहिनी बंद करण्याचाही आदेश दिला. तो आदेश वरच्या न्यायालयानं रोखला. तेल वाहतच राहिलं.

'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स' या निकालापर्यंत जात नाही. शेवटी माणसं उभी आहेत, गाणी आहेत, ढोल आहेत, आणि आम्ही अजून इथं आहोत असं ती सांगतात. पालकांना हे अर्धवट वाटतं. "शेवट गोड का नाही केला?" असं एका बाबांनी विचारलं होतं. मला वाटतं, गोड केला असता तर खोटा झाला असता, आणि कडू केला असता तर ऐकणाऱ्या मूलनिवासी मुलांच्या हाती काय राहिलं असतं? लेखिकेनं गोष्ट बरोबर जागी थांबवली आहे. तुमच्या मुलानं विचारलं तर मात्र खरं ते सांगा. "नाही थांबली. पण ते लोक अजून कोर्टात गेले, अजून बोलतात." मुलं हे सहज पचवतात. आपल्यालाच जड जातं.

मराठीत सांगताना 'वी'चं काय करायचं, 'आम्ही' की 'आपण'?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लावते.

इंग्रजी 'वी'ला कुंपण नसतं. ऐकणारा त्यात आहे की नाही, ते कळत नाही. मराठीत लगेच ठरवावं लागतं. 'आम्ही पाण्याचे राखणदार' म्हटलं की ऐकणारं मूल बाहेर. 'आपण पाण्याचे राखणदार' म्हटलं की तेही आत. पहिल्यांदा वाचताना मी बेधडक 'आपण' म्हणत गेले. छान, आपुलकीचं वाटलं. मग मुलं म्हणाली, "आपण पण तिथं होतो?" नव्हतो ना. आपण इथं आलेले, तेही अलीकडेच, आणि ज्या जमिनीवर घर घेतलं ती ज्यांची होती त्यांना तर आपण ओळखतही नाही.

पुढं कळलं की अनिशिनाबे भाषेतही हा भेद आहे. 'नीनवींद' म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला सोडून. 'गीनवींद' म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. ज्या भाषेतून ही आजी आली तिला मराठीसारखाच हा प्रश्न पडतो आणि मधल्या इंग्रजीला पडत नाही, याची मला फार गंमत वाटली.

आता मी असं करते: साप येतो, लढा होतो, माणसं उभी राहतात, तिथं 'आम्ही'. ते त्यांचं आहे. आणि आजी सांगते की पाणी हे पहिलं औषध, आईच्या पोटात पाण्यानंच पोसलं, तिथं 'आपण'. ते सगळ्यांचंच आहे. शेवटच्या पानाला काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. कधी हे, कधी ते.

'वॉटर प्रोटेक्टर'साठी 'जलरक्षक' म्हटलं तर खात्याच्या गाडीवरचं नाव वाटतं. 'राखणदार' बरा. कोकणात, गोव्यात गावाचा राखणदार असतो, तो मालक नसतो, नुसता सांभाळतो.

'म्नी विचोनी' कसं सांगायचं?

लकोटा भाषेत म्नी म्हणजे पाणी, विचोनी म्हणजे जीवन. स्टँडिंग रॉकच्या फलकांवर हेच होतं. मराठीत गंमत अशी की पाण्याला जुना शब्दच 'जीवन' आहे, त्यामुळे फार सजवून भाषांतर करायला गेलात तर 'जीवन म्हणजे जीवन' होऊन बसेल. 'पाणी आहे म्हणून आपण आहोत' एवढं पुरतं. मूळ शब्दही दोनदा म्हणून घ्या, मुलांना तोंडात घोळवायला आवडतो.

'रेड इंडियन' म्हटलं तर चालेल का? आम्ही लहानपणापासून तेच म्हणत आलो.

नको. आपल्या पिढीनं अनुवादित गोष्टींत तो शब्द हजारदा वाचला आहे, पण इथल्या शाळेत तुमच्या मुलानं तो उच्चारला तर पंचाईत होईल, आणि व्हायलाच हवी. शक्य तिथं लोकांचं स्वतःचं नाव घ्या: अनिशिनाबे, लकोटा, ट्लिंगिट. एकत्र बोलायचं असेल तर कॅनडात 'फर्स्ट नेशन्स' आहे, मात्र इन्युइट आणि मेटी लोक त्यात येत नाहीत.

मराठीत मी 'मूलनिवासी' वापरते. महाराष्ट्रातल्या बहुजन चळवळीत या शब्दाला वेगळा राजकीय अर्थ आहे, हे ठाऊक असू द्या. काही पालक 'आदिवासी' म्हणतात, तेही चूक नाही. फक्त 'आदिवासी' म्हटल्याबरोबर मुलांच्या डोळ्यांपुढं पानांचे कपडे येत असतील, तर आधी ते दुरुस्त करा. इथल्या आणि तिथल्याही आदिवासींच्या बाबतीत.

सिएटल प्रमुखाचं ते सुंदर पत्र वाचून दाखवू का? पर्यावरण दिनाला आमच्या शाळेत वाचायचे.

आमच्याही. 'आकाश विकत कसं घेता येईल' असं काहीतरी त्यात होतं, आणि वाचणाऱ्या बाईंचा गळा दाटून यायचा.

पण ते पत्र सिएटल यांचं नाही. ते ड्युवामिश आणि सुक्वामिश लोकांचे प्रमुख होते आणि 1850 च्या दशकात त्यांनी एक भाषण केलं, इथपर्यंत ठीक. त्या भाषणाचा पहिला छापील मजकूर डॉ. हेन्री स्मिथ यांनी तीसेक वर्षांनी, 1887 मध्ये, आपल्या शब्दांत प्रसिद्ध केला. पर्यावरण दिनाला आपण ऐकलं ते तर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला टेड पेरी या पटकथाकारानं एका चित्रपटासाठी लिहिलेलं. म्हणून त्यात आगगाडीतून गोळ्या घालून मारलेले रानरेडे येतात. सिएटल राहायचे त्या पश्चिम किनाऱ्यावर ना त्या काळी तशी आगगाडी होती, ना रानरेड्यांचे कळप.

1991 मध्ये याच मजकुरावर एक देखणं चित्रपुस्तक निघालं, खूप खपलं. चित्रांत किनाऱ्यावरच्या लोकांना मैदानी प्रदेशातल्या लोकांचे कपडे चढवले होते, आणि त्यावर सडकून टीका झाली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते अजून दिसतं. चित्रं पाहून मोह होतो. मी एक प्रत विकत घेतली होती, आता मोठ्या मुलांना चूक कशी ओळखायची ते शिकवायला वापरते.

लेखक मूलनिवासीच हवा, हा आग्रह कशासाठी?

वरचं उत्तर वाचलंत ना?

शिवाय आकडे पाहा. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं एक बालसाहित्य केंद्र अमेरिकेत निघणाऱ्या मुलांच्या पुस्तकांची मोजदाद करतं. 2018 च्या पुस्तकांत मूलनिवासी पात्रं होती 1 टक्का पुस्तकांत, आणि ससे, अस्वलं, ट्रक वगैरे 27 टक्क्यांत. त्या 1 टक्क्यातलीही सगळी पुस्तकं मूलनिवासींनी लिहिलेली नव्हती.

कळशी घेऊन चालणाऱ्या आजी खऱ्या आहेत का? हे आपल्या वारीसारखं आहे का?

खऱ्या होत्या. जोसेफीन मॅन्डामिन. जन्म 1942, ह्युरॉन सरोवरातल्या मॅनिटुलिन बेटावर. एका जाणत्या वडीलधाऱ्यानं सांगितलं की एक दिवस पाणी सोन्याच्या भावानं विकलं जाईल, आणि विचारलं की तुम्ही यावर काय करणार? 2003 मध्ये त्या तांब्याच्या भांड्यात पाणी घेऊन निघाल्या आणि सुपीरियर सरोवराला पायी प्रदक्षिणा घातली. पुढच्या वर्षांत बाकीच्या चार सरोवरांनाही. ही पाच सरोवरं लहान नव्हेत, जगातल्या भूपृष्ठावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांत आहे. 2011 मध्ये अटलांटिक, पॅसिफिक, मेक्सिकोचं आखात आणि हडसन उपसागर अशा चार दिशांहून खारं पाणी घेऊन लोक चालत निघाले आणि सुपीरियरच्या काठी भेटले. मॅन्डामिन आयुष्यात सुमारे 17,000 किलोमीटर चालल्या असं सांगतात. फेब्रुवारी 2019 मध्ये त्या गेल्या.

'द वॉटर वॉकर'मध्ये हे सगळं बारीक विनोदानं येतं. नोकोमिसच्या पायातले बूट पाहा, मुलांना त्यांची काळजी वाटते. नोकोमिस म्हणजे आजी, निबी म्हणजे पाणी. हे दोन शब्द मी तसेच ठेवते. याची इंग्रजी आणि अनिशिनाबे अशी दोन्ही भाषांत छापलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

चालण्याचे नियम मुलांना फार आवडतात. भांडं बाई उचलते, कारण पाण्याची जबाबदारी बायकांकडे. गरुडाच्या पिसांची काठी बहुधा पुरुष धरतात. पाणी नदीसारखं पुढंच जात राहिलं पाहिजे, म्हणून दमलं की थांबायचं नाही, चालता चालता भांडं दुसरीच्या हाती द्यायचं. आम्ही एकदा घरातली तांब्याची कळशी आणून शाळेच्या लांब व्हरांड्यात हे करून पाहिलं. अर्धी भरलेली कळशी, सात-आठ मुलं, न थांबता. दुसऱ्या फेरीला सगळ्यांचे हात भरून आले आणि फरशीवर हे पाणी! सफाईवाल्या दादांनी काही म्हटलं नाही, फक्त पोछा आणून माझ्या हातात दिला.

वारीची आठवण येते हे खरं, माझ्या सासूबाई पुस्तक पाहून पहिल्यांदा तेच म्हणाल्या. पायी चालणं, डोक्यावर तुळस तशी हातात कळशी. मुलांना ओळख पटायला तेवढं सांगा. पण वारकरी भेटीला निघतात, आणि या बायका पाण्याची कैफियत घेऊन निघाल्या होत्या.

कॅनडासारख्या देशात नळाला पिण्याचं पाणी नाही? 'निबीज वॉटर साँग' अतिशयोक्ती वाटते.

भारतातून नुकते आलेले आई-बाबा हे हमखास विचारतात. त्यांना मी शोल लेक 40 ची गोष्ट सांगते.

विनिपेग शहर 1919 पासून शोल सरोवराचं पाणी पितं. त्या जलवाहिनीच्या कामानं शोल लेक 40 या फर्स्ट नेशनची वस्ती एका बेटावर अडकून पडली. शहराला ज्या सरोवरातून स्वच्छ पाणी जातं त्याच सरोवराकाठच्या या लोकांना मात्र वीस वर्षांहून अधिक काळ नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका असा इशारा होता. बाहेर जायला बारमाही रस्ता मिळाला 2019 मध्ये, आणि शुद्धीकरण केंद्र सुरू झालं 2021 मध्ये. ऑन्टारियोतल्या नेस्कंटागा वस्तीत असा इशारा 1995 मध्ये लागला. त्या वर्षी जन्मलेलं मूल नळाचं पाणी न पिता तिशीला आलं. 2015 मध्ये असे दीर्घकाळचे इशारे शंभरावर होते. ते सगळे मार्च 2021 पर्यंत उठवू असं सरकारनं सांगितलं, ती मुदत हुकली.

अशा पाण्यासाठी आवाज उठवणारी मुलगी म्हणजे ऑटम पेल्टिए. ती कळशीवाल्या मॅन्डामिन यांच्या नात्यातलीच, त्या तिच्या आजीच्या पिढीतल्या. 2016 मध्ये, बारा वर्षांची असताना, तिनं पंतप्रधानांना समोरासमोर सांगितलं की तुमचे निर्णय मला पटलेले नाहीत. 2018 च्या जागतिक जलदिनी ती संयुक्त राष्ट्रांत बोलली. तिच्यावरही लिंडस्ट्रॉम यांचं चित्रपुस्तक 2023 मध्ये आलं, चित्रं ब्रिजेट जॉर्ज यांची.

आपल्या महाराष्ट्राशी काही संबंध जोडावा का?

ओढूनताणून नको. पण एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही. मी मुंबईत वाढले. आमच्या नळाला येणारं पाणी तानसा, वैतरणा, भातसाचं. ही धरणं शहापूर आणि आसपासच्या तालुक्यांत, वारली, कातकरी, ठाकर वस्त्यांच्या पट्ट्यात. आणि दर उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर जातात, बायका मैल मैल हंडे वाहतात. शोल लेकबद्दल वाचताना मला पहिल्यांदा तानसा आठवलं. मुंबईहून आलेल्या पालकांना मी हे सांगते तेव्हा कुणी वाद घालत नाही, एवढंच.

दुसरा धागा धरणाचा. ओआहे जलाशय मुळात आला तो ओआहे धरणामुळं. 1962 च्या सुमारास ते पुरं झालं आणि स्टँडिंग रॉकची सुमारे 56,000 एकर जमीन पाण्याखाली गेली. नदीकाठची सुपीक जमीन, जळणाचं रान, रानफळांच्या जागा. 2016 मध्ये ज्या जलाशयासाठी लोक उभे राहिले त्याच्या तळाशी त्यांची जुनी घरं आहेत. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या भिल्ल-पावरा गावांना हे समजावून सांगावं लागणार नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं आली, मणिबेली त्यांत सगळ्यात आधी. तिथल्या आंदोलनानं मुलांसाठी जीवनशाळा काढल्या. हे मोठ्या मुलांनाच सांगा, आणि चित्रपुस्तक मिटल्यावर सांगा. दोन्हींची खिचडी केली की दोन्ही गोष्टी पुसट होतात.

गोष्टीनंतर काय करून घ्यायचं? पिसांचे मुकुट?

मुकुट नको. मी केले होते एकदा, रंगीत कागदाचे. एका आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. गरुडाचं पीस हा मान आहे, तो मिळवावा लागतो. आपल्या पदकांची कुणी शोभेची माळ केली तर कसं वाटेल? आणि पुस्तकातल्या मुलीची चित्रं नीट पाहिली असती तर कळलं असतं की असले मुकुट तिथं कुणी घातलेलेच नाहीत.

त्याऐवजी नळ ते नदी असा नकाशा काढा. तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं, ते वाटेत कुणाच्या गावावरून येतं. आमचं ऑन्टारियो सरोवरातून येतं, बसनं अर्ध्या तासावर. अर्ध्या मुलांना ते ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर दोन शिक्षकांनाही नव्हतं.

कोणत्या वयाला कोणतं?

चार ते सातला 'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स' आणि 'निबीज वॉटर साँग'. सहापासून 'द वॉटर वॉकर'. आठपासून फोटोंचं पुस्तक. चारच्या आतल्यांना रॉबर्टसन यांचं जाड पुठ्ठ्याच्या पानांचं 'निबी इज वॉटर' आहे, चावलं तरी टिकतं.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत का?

अमेरिका-कॅनडात सार्वजनिक ग्रंथालयात मागा, बहुतेक ठिकाणी असतात. भारतात ही महाग पडतात. तिथं एक प्रत चार घरांत फिरवावी, आम्ही पुण्याच्या भाच्यांसाठी तेच केलं.

गोष्ट चालू असताना मुलं मध्येच उठून पाणी प्यायला जातात.

या पुस्तकांच्या वेळी तर दर वेळी जातात. जाऊ द्या, पान तसंच उघडं ठेवा.